प्रश्नपत्रिकेतल्या आकृत्या सारख्या हलतात: वर्ड आणि रायटरमध्ये त्या कायमच्या कशा बसवाव्यात

दहावीच्या विज्ञानाची प्रश्नपत्रिका आहे असं धरा. दुसऱ्या प्रश्नाखाली बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती काढली आहे. मुख्य अक्ष, भिंग, दोन आपाती किरण, त्यांची बाणांची टोकं, 'नाभी' आणि 'प्रकाशीय केंद्र' ही नावं, सगळं जागच्या जागी. मग निरोप येतो की पहिल्या प्रश्नात एक सूचना वाढवायची आहे. ती ओळ टाकली, एंटर मारला आणि भिंग खाली सरकलं, एक किरण जुन्याच जागी लटकला, 'नाभी' हा शब्द तिसऱ्या प्रश्नाच्या डोक्यावर जाऊन बसला. सगळे तुकडे माऊसने ओढून परत जागेवर आणले, फाइल सेव्ह केली. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली तर पुन्हा तेच.

ही तक्रार इतक्या जणांकडून ऐकली आहे की सविस्तर लिहावंसं वाटलं. शिक्षक, टायपिस्ट, सोसायटीचा नकाशा अर्जात टाकणारे सेक्रेटरी, प्रोजेक्टसाठी फ्लोचार्ट काढणारी मुलं, सगळ्यांचं दुखणं एकच. आणि सगळे एकच गोष्ट करतात, ती म्हणजे ओढून परत बसवणं. ओढल्याने दुखणं बरं होत नाही, उलट बरेचदा वाढतं. का, ते आधी बघू.

आकार पानावर नसतो, परिच्छेदाला बांधलेला असतो

मायक्रोसॉफ्ट वर्ड काय किंवा लिबरऑफिस रायटर काय, दोन्ही मुळात मजकुराची सॉफ्टवेअर आहेत. कागदावर पेन्सिलने आकृती काढली की ती त्या जागेची होते. इथे तसं नाही. तुम्ही काढलेला प्रत्येक आकार, मुद्दाम वेगळं सांगितलं नसेल तर, कुठल्या तरी परिच्छेदाला बांधलेला असतो. गाय कुठे चरेल ते खुंटा कुठे ठोकलाय त्यावर ठरतं, तसं आकार कुठे जाईल ते त्याचा अँकर कुठे आहे त्यावर ठरतं. परिच्छेद खाली सरकला की त्याला बांधलेला आकारही सरकतो. परिच्छेद पुढच्या पानावर गेला की आकारही जातो. आणि परिच्छेद पुसला की आकारही पुसला जातो. 'मी फक्त दोन रिकाम्या ओळी काढल्या आणि आकृतीच गेली' असं जे होतं ते यामुळेच. त्या रिकाम्या ओळींपैकी एकीला आकृती बांधलेली होती.

आता वरच्या किरणाकृतीचं काय झालं ते बघा. तिच्यात सात-आठ वेगवेगळे आकार आहेत. काढताना जो आकार ज्या परिच्छेदाजवळ होता, त्याला तो बांधला गेला. भिंग दुसऱ्या प्रश्नाला, वरचा किरण पहिल्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीला, 'नाभी' हे नाव खालच्या रिकाम्या ओळीला. डोळ्यांना आकृती एक दिसते, सॉफ्टवेअरला ते वेगवेगळ्या खुंट्यांचे सुटे तुकडे दिसतात. नवी ओळ जिथे घातली, तिच्या खालचे अँकर सरकले, वरचे राहिले. आकृती फुटली ती अशी.

ओढून का बसत नाही, तेही यातच आहे. आकार माऊसने ओढला की अँकरही सहसा जवळच्या नव्या परिच्छेदाला जाऊन चिकटतो. म्हणजे प्रत्येक दुरुस्तीत तुम्ही नकळत नवी बांधणी करत असता. आज जागेवर दिसलं, उद्या ओळ वाढली की परत पांगलं.

अँकर डोळ्यांनी बघा

रायटरमध्ये आकारावर क्लिक करा. समासाजवळ किंवा परिच्छेदाच्या सुरुवातीला जहाजाच्या नांगराचं छोटं चिन्ह दिसेल. तोच अँकर. हे चिन्ह माऊसने पकडून दुसऱ्या परिच्छेदावर नेता येतं. कंट्रोल एफ-१० दाबलं की परिच्छेदाच्या खुणाही दिसतात, त्यामुळे कुठली रिकामी ओळ कुठे संपते ते कळतं.

वर्डमध्येही आकार निवडल्यावर नांगर दिसतो. दिसत नसेल तर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'डिस्प्ले' इथे जाऊन 'ऑब्जेक्ट अँकर्स' वर टिक करा. परिच्छेदाच्या खुणांसाठी कंट्रोल शिफ्ट ८. आकृत्या असलेल्या फाइलवर काम करताना या खुणा चालूच ठेवा. सुरुवातीला पान गिचमिड दिसतं, पण कशाला काय बांधलंय ते समोर असतं आणि चुकीची ओळ पुसली जात नाही.

आता एकेका तुकड्यावर क्लिक करत नांगर कुठे कुठे उडी मारतो ते बघा. तो तीन-चार ठिकाणी दिसला तर रोगाचं निदान झालं.

वर्डमधले दोन पर्याय, ज्यांच्याबद्दल जवळजवळ सगळ्यांचा गैरसमज असतो

वर्डमध्ये आकार निवडला की त्याच्या कोपऱ्याशी 'लेआउट ऑप्शन्स'चं बटण येतं. तिथे 'मूव्ह विथ टेक्स्ट' आणि 'फिक्स पोझिशन ऑन पेज' असे दोन पर्याय आहेत. दुसरा निवडला की आकार आता हलणार नाही असं कोणालाही वाटेल. पण त्याचा अर्थ एवढाच की आकार पानावरच्या त्या मापावर राहील, उदाहरणार्थ वरून बारा सेंटिमीटरवर. कुठल्या पानावर, ते मात्र अजूनही अँकरचा परिच्छेदच ठरवतो. परिच्छेद चौथ्या पानावर गेला की आकारही चौथ्या पानावर जातो आणि तिथे वरून बारा सेंटिमीटरवर बसतो, मग तिथे काहीही असो. तिसऱ्या पानावरची आकृती अचानक चौथ्या पानाच्या मजकुरावर पडलेली दिसते ती यामुळे.

दुसरा गैरसमज 'लॉक अँकर'चा. 'सी मोअर' वर क्लिक केलं की मोठा डायलॉग उघडतो, त्यात 'पोझिशन' टॅबवर हा पर्याय असतो. याने आकार कुलूपबंद होत नाही. याने फक्त अँकर त्या परिच्छेदाला कायम राहतो, म्हणजे तुम्ही आकार ओढलात तरी खुंटा बदलत नाही. हा पर्याय कामाचा आहे, पण आकृती प्रश्नाबरोबरच राहावी यासाठी. आकृती हलूच नये यासाठी नाही.

रायटरमध्ये राइट क्लिक करून 'अँकर' मध्ये गेलात की 'टू पेज', 'टू पॅराग्राफ', 'टू कॅरेक्टर' आणि 'अॅज कॅरेक्टर' असे पर्याय दिसतात. 'टू पेज' हा पर्याय वर्डमध्ये नाही. तो खरोखरच पानाला बांधतो, मजकूर इकडचा तिकडे झाला तरी आकार त्या क्रमांकाच्या पानावरच राहतो. प्रमाणपत्राची चौकट, मुखपृष्ठावरची पट्टी यांसाठी तो उत्तम. प्रश्नाच्या आकृतीसाठी तो वापरू नका, कारण प्रश्न पुढे जाईल आणि आकृती मागे राहील. प्रत्येक पानावर तीच चौकट किंवा शाळेचं चिन्ह हवं असेल तर दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये तो आकार हेडरमध्ये ठेवा. तिथे त्याला हेडरच्या परिच्छेदाचा आधार मिळतो आणि मुख्य मजकुराशी त्याचा संबंधच उरत नाही.

मूळ उपाय: आधी ग्रुप, मग ओळीत

प्रश्नपत्रिका, अहवाल, जर्नल यांतल्या आकृत्यांसाठी मी एकच पद्धत सुचवते आणि ती भक्कम आहे. आकृतीचे सगळे तुकडे एकत्र बांधा, मग त्या गठ्ठ्याला मजकुरातल्या एका मोठ्या अक्षरासारखं वागवा.

शिफ्ट दाबून एकेक तुकड्यावर क्लिक करा. तुकडे बारीक असतील तर रायटरमध्ये ड्रॉइंग टूलबारवरचा बाण घ्या आणि आकृतीभोवती चौकोन ओढा, आतलं सगळं निवडलं जातं. वर्डमध्ये हेच काम 'होम' टॅबच्या उजव्या टोकाला 'सिलेक्ट', 'सिलेक्ट ऑब्जेक्ट्स' करतं. काम झालं की एस्केप दाबा, नाहीतर मजकुरात कर्सर जाणार नाही. मग राइट क्लिक, 'ग्रुप'. आता हा एकच आकार झाला, त्याला एकच अँकर.

यानंतर वर्डमध्ये 'लेआउट ऑप्शन्स' मधून 'इन लाइन विथ टेक्स्ट' निवडा. रायटरमध्ये 'अँकर', 'अॅज कॅरेक्टर'. आकृती मजकुराच्या ओळीत येऊन बसेल. तिला तिचा स्वतंत्र परिच्छेद द्या, म्हणजे आधी एंटर, नंतर एंटर. मध्यभागी हवी असेल तर तो परिच्छेद सेंटर करा, जसा एखादा शब्द करता तसा. आता वर दहा ओळी वाढवा किंवा पाच पुसा, आकृती आपल्या प्रश्नाखालीच राहते.

एक बारीक काम उरतं. प्रश्न पानाच्या तळाशी आणि आकृती पुढच्या पानावर, असं अजूनही होऊ शकतं. त्यासाठी प्रश्नाच्या परिच्छेदात कर्सर ठेवून वर्डमध्ये 'पॅराग्राफ', 'लाइन अँड पेज ब्रेक्स', 'कीप विथ नेक्स्ट' वर टिक करा. रायटरमध्ये 'पॅराग्राफ', 'टेक्स्ट फ्लो' मध्ये तोच पर्याय आहे. आता प्रश्न आणि आकृती फुटणार नाहीत, गेले तर दोघं मिळून पुढच्या पानावर जातील. प्रश्न लांबलचक, चार परिच्छेदांचा असेल तर शेवटचा सोडून सगळ्यांना ही टिक द्यावी लागते. शेवटचा म्हणजे आकृतीचा.

डावीकडे प्रश्न आणि उजवीकडे आकृती अशी मांडणी हवी असेल तर मजकूर आकृतीभोवती फिरवण्याच्या भानगडीत पडू नका. दोन स्तंभांचं एक ओळीचं टेबल घ्या, रेघा काढून टाका, डाव्या कप्प्यात प्रश्न लिहा, उजव्यात आकृती ओळीत बसवा. टेबलच्या गुणधर्मांत ती ओळ दोन पानांत तुटू न देण्याचा पर्याय आहे, तोही लावा. छापल्यावर कोणाला कळतही नाही की तिथे टेबल होतं.

आकृतीत पुढे बदल करायचा झाला तर आधी तिला ओळीतून बाहेर काढा, म्हणजे परत परिच्छेदाला बांधा. ग्रुप सोडवा, बदल करा, पुन्हा ग्रुप, पुन्हा ओळीत. थोडं लांबचं वाटतं पण यात काही बिघडत नाही. नुसतं एखादं नाव बदलायचं असेल तर ग्रुप सोडवायची गरज नाही. वर्डमध्ये ग्रुपमधल्या तुकड्यावर दुसऱ्यांदा क्लिक केलं की तोच निवडला जातो.

'ग्रुप' पुसट दिसतो, क्लिक होत नाही

इथे बरेच जण हात टेकतात, त्यामुळे नीट सांगते.

पहिलं कारण, निवडलेल्या तुकड्यांपैकी एखादा आधीच ओळीत बसवलेला आहे. ओळीतला आकार आणि सुटा आकार यांचा ग्रुप होत नाही, ना वर्डमध्ये ना रायटरमध्ये. वर्डमध्ये तर तो दुसऱ्या आकारांबरोबर निवडलाच जात नाही. वर्डमध्ये फोटो घातला की तो बहुधा ओळीतच येतो, म्हणून 'फोटोवर बाण काढला आणि दोघांचा ग्रुप होत नाही' ही तक्रार येते. फोटोचं लेआउट 'स्क्वेअर' किंवा 'इन फ्रंट ऑफ टेक्स्ट' करा, ग्रुप लगेच चालू होईल.

दुसरं कारण फक्त रायटरचं आहे. तिथे 'इन्सर्ट' मेन्यूतून घातलेला फोटो आणि ड्रॉइंग टूलबारवरून काढलेला आकार या दोन वेगळ्या जातींच्या वस्तू आहेत. फोटोला 'टू पॅराग्राफ' केलं तरी त्यांचा ग्रुप होत नाही. नावांसाठी 'फ्रेम' घातली असेल तरी तेच. म्हणून आकृतीतली नावं लिहायला ड्रॉइंग टूलबारवरचा टेक्स्ट बॉक्सच वापरा, फ्रेम नको. फोटोवर खुणा करायच्याच असतील, म्हणजे हृदयाच्या चित्रावर कप्प्यांची नावं, तर ते काम लिबरऑफिस ड्रॉमध्ये करा. तिथे फोटो आणि आकार बिनतक्रार एकत्र येतात. सगळं निवडून 'फाइल', 'एक्स्पोर्ट', पीएनजी, आणि 'सिलेक्शन' वर टिक करा, नाहीतर अख्खं पानच चित्र म्हणून बाहेर पडेल. ते चित्र रायटरमध्ये घाला. मूळ ड्रॉची फाइल मात्र जपून ठेवा, पुढच्या वर्षी तिचीच गरज पडते.

तिसरं कारण, एक तुकडा हेडरमध्ये आणि बाकीचे मुख्य मजकुरात. पानाच्या वरच्या कडेजवळ काम करताना हे होतं. आणि चौथं, जुनी फाइल. वर्डच्या खिडकीत वर नावापुढे 'कम्पॅटिबिलिटी मोड' दिसत असेल तर फाइल बहुधा जुन्या डॉक प्रकारात आहे आणि आकृत्यांच्या बऱ्याच सोयी तिथे बंद असतात. 'फाइल', 'इन्फो', 'कन्व्हर्ट' करा. आधी मूळ फाइलची एक प्रत काढून ठेवा, कारण रूपांतरात मांडणी थोडी हलू शकते.

ओळीत बसवली आणि आकृतीची नुसती पट्टी उरली

ही अडचण मराठी टायपिंग करणाऱ्यांना जास्त येते आणि त्याला तसंच कारण आहे. मंगल फॉन्टच्या ओळींमध्ये जागा खूप सुटते. पानं वाचवायला टायपिस्ट सगळा मजकूर निवडून ओळीतलं अंतर 'एग्झॅक्टली', १८ पॉइंट असं करून टाकतात. मजकूर छान दिसतो. पण 'एग्झॅक्टली' म्हणजे ओळीची उंची १८ पॉइंट, म्हणजे जेमतेम सव्वासहा मिलिमीटर, त्यात काहीही असो. ओळीत बसवलेली पाच सेंटिमीटरची आकृती त्या उंचीत कापली जाते आणि तळाची पट्टी तेवढी दिसते. आकृती बिघडलेली नसते. त्या एका परिच्छेदाचं अंतर 'सिंगल' करा, पूर्ण आकृती लगेच दिसेल. रायटरमध्ये याच पर्यायाचं नाव 'फिक्स्ड' आहे, उपाय तोच.

यापेक्षा चांगलं म्हणजे आकृतीसाठी एक वेगळी स्टाइल बनवून ठेवा: सिंगल अंतर, मध्यभागी, वर-खाली सहा पॉइंट जागा. मग कोणी सगळा मजकूर निवडून अंतर बदललं तरी ती स्टाइल परत लावली की काम भागतं.

घरी नीट, शाळेत बिघडलेली

फाइल तीच, आकृत्या तुम्ही हलवल्या नाहीत, तरी दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळं सरकलेलं. इथे दोष बहुधा फॉन्टचा असतो.

मंगल पूर्वी विंडोजबरोबर आपोआप मिळायचा. विंडोज ८ पासून निर्मला यूआय आला, आणि विंडोज १० मध्ये मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट वेगळ्या देवनागरी संचात गेले. मराठी-हिंदीसारखी देवनागरीतली भाषा जोडली नसेल तर तो संच कॉम्प्युटरवर नसतो. मग मंगलमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या एखाद्या फॉन्टमध्ये दिसते. अक्षरं वाचता येतात, त्यामुळे फॉन्ट बदलल्याचं लक्षातही येत नाही. पण ओळीची उंची बदलते, ओळी कुठे तुटतात ते बदलतं, आठ पानांची सात होतात आणि परिच्छेदांना बांधलेल्या आकृत्या त्यांच्याबरोबर जातात. लिनक्सवर लोहित किंवा नोटो येतो, तिथे आणखी वेगळं.

उपाय दोन आहेत. विंडोजच्या 'सेटिंग्ज' मधल्या 'ऑप्शनल फीचर्स' मधून देवनागरीचा पुरवणी संच घाला. किंवा फॉन्ट फाइलबरोबरच पाठवा: वर्डमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' मध्ये 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल', रायटरमध्ये 'फाइल', 'प्रॉपर्टीज', 'फॉन्ट' मध्ये तसाच पर्याय. नवं काम सुरू करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या. मुक्ता मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला आहे, दोन्ही मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत, कुठल्याही कॉम्प्युटरवर बिनदिक्कत टाकता येतात. शाळेतल्या सगळ्या कॉम्प्युटरवर एकदा टाकून घ्या, वर्षाचा त्रास वाचेल.

मोबाइलवर फाइल उघडून 'आकृती बिघडली' असं ठरवू नका. मोबाइलवरचं वर्ड पान पडद्याला जुळवून दाखवतं, तिथे सुटे आकार इकडेतिकडे होतातच.

आकार दिसतो पण हाती लागत नाही

आकार मजकुरामागे पाठवला की क्लिक मजकुरावर पडतं, आकारावर नाही. वर्डमध्ये ऑल्ट एफ-१० दाबा, उजवीकडे 'सिलेक्शन पेन' उघडेल. त्या पानावरच्या आकारांची यादी तिथे असते, नावावर क्लिक केलं की आकार निवडला जातो. रायटरमध्ये एफ-५ दाबून नॅव्हिगेटर उघडा आणि 'ड्रॉइंग ऑब्जेक्ट्स' बघा. किंवा ड्रॉइंग टूलबारवरचा बाण घेऊन क्लिक करा. एक आकार निवडलेला असताना टॅब दाबत गेलात तरी एकामागून एक आकार निवडले जातात.

यादीत पंचवीस 'स्ट्रेट कनेक्टर' आणि 'टेक्स्ट बॉक्स' दिसले तर त्यातला आपला कोणता ते कसं कळणार? म्हणून महत्त्वाच्या आकारांना नावं द्या: 'प्र२ भिंग', 'प्र५ परिपथ'. ही सवय लावून घ्याच.

पोकळ आकार, म्हणजे ज्याला 'नो फिल' दिलं आहे, तो आत क्लिक करून निवडला जात नाही. त्याच्या रेघेवरच क्लिक करावं लागतं. मोठं वर्तुळ हाती लागत नाही म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा हेच असतं.

पुढे-मागे करण्यात आणखी एक गोम आहे. 'ब्रिंग टू फ्रंट' आकारांचा आपसातला क्रम बदलतं. मजकुराच्या मागे गेलेला आकार त्याने मजकुराच्या पुढे येत नाही. रायटरमध्ये त्यासाठी 'टू फोरग्राउंड', वर्डमध्ये 'ब्रिंग इन फ्रंट ऑफ टेक्स्ट' ही वेगळी आज्ञा आहे.

आणि आकार दिसतच नसतील तर आधी बघा, वर्ड 'ड्राफ्ट' व्ह्यूमध्ये तर नाही ना. तिथे सुटे आकार दिसत नाहीत. 'प्रिंट लेआउट' वर या. तरीही नाहीत, तर 'ऑप्शन्स', 'अॅडव्हान्स्ड' मध्ये 'शो ड्रॉइंग्ज अँड टेक्स्ट बॉक्सेस ऑन स्क्रीन' तपासा. पडद्यावर आहेत पण छापून येत नाहीत, तर 'डिस्प्ले' मधला 'प्रिंट ड्रॉइंग्ज क्रिएटेड इन वर्ड' बंद झालेला असेल. रायटरमध्ये छापण्याच्या डायलॉगमध्येच चित्रांची टिक असते, ती बघा.

बारीक हलवाहलव

आकार हवा तिथे बसत नाही, एक पाऊल अलीकडे किंवा पलीकडे उडी मारतो, हा अदृश्य जाळीचा परिणाम. वर्डमध्ये ऑल्ट दाबून ओढा किंवा कंट्रोल दाबून बाणाच्या कळा वापरा. रायटरमध्ये ऑल्ट आणि बाणाच्या कळा. शिफ्ट दाबून काढलेली रेघ सरळ येते आणि शिफ्ट दाबून ओढलेला आकार सरळ रेषेत सरकतो, मुख्य अक्षासाठी हे हवंच. नावं एका ओळीत आणायला डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, 'अलाइन' वापरा. एकच आकार निवडून 'अलाइन' केलं तर तो पानाच्या किंवा समासाच्या हिशेबाने सरकतो, म्हणून जे एकमेकांशी जुळवायचे ते सगळे आधी निवडा.

फ्लोचार्ट काढणाऱ्यांसाठी: वर्डमध्ये चौकट हलवली की जोडरेघ सुटून जागेवरच राहते. जोडरेघा चौकटींना चिकटून राहायला हव्या असतील तर 'इन्सर्ट', 'शेप्स' च्या यादीत अगदी खाली 'न्यू ड्रॉइंग कॅनव्हास' आहे, आधी तो घ्या आणि सगळं त्याच्या आत काढा. कॅनव्हास अख्खाच्या अख्खा ओळीतही बसवता येतो, त्यामुळे वेगळा ग्रुप करायचीही गरज राहत नाही.

एक्सेल आणि कॅल्क

कॅल्क म्हणजे लिबरऑफिसमधलं एक्सेलसारखं सॉफ्टवेअर. इथे परिच्छेद नाहीत, आकार कप्प्यांना बांधलेले असतात. ओळी लपवल्या किंवा फिल्टर लावला की आकार चेपतो. एक्सेलमध्ये राइट क्लिक, 'फॉरमॅट शेप', 'प्रॉपर्टीज' इथे जाऊन 'मूव्ह बट डोन्ट साइझ विथ सेल्स' निवडा. कॅल्कमध्ये 'अँकर', 'टू सेल' घ्या, आकार बदलणारा पर्याय नको.

वर्ड आणि रायटर दोन्हीत फाइल फिरत असेल तर

रायटरचा ओडीटी आणि वर्डचा डॉकएक्स हे दोन्ही आंतरराष्ट्रीय मानकं असलेले प्रकार आहेत, पहिलं २००६ चं, दुसरं २००८ चं. पण आकार बांधण्याच्या दोघांच्या पद्धती जुळत नाहीत. रायटरमध्ये पानाला बांधलेला आकार डॉकएक्समध्ये जाताना कुठल्या तरी परिच्छेदालाच बांधावा लागतो, कारण वर्डमध्ये पानाचा पर्यायच नाही. म्हणून मूळ फाइल एकाच प्रकारात ठेवा आणि दर वेळी तिच्यातच दुरुस्त्या करा. डॉकएक्समधून ओडीटी आणि परत डॉकएक्स असे फेरे मारू नका. दोघांना मिळून काम करायचंच असेल तर ग्रुप करून ओळीत बसवलेली आकृतीच सगळ्यात कमी हलते.

छापखान्यात किंवा झेरॉक्सवाल्याकडे मात्र वर्डची किंवा रायटरची फाइल देऊच नका. पीडीएफ काढा, ती उघडून प्रत्येक आकृती एकदा डोळ्यांखालून घाला, बाणांची टोकं आणि नावं नीट आहेत ना ते बघा, आणि तीच पाठवा. मूळ फाइल तुमच्याकडे.